माझी जिप्सी एकदा तपासा : परिवहन आयुक्तांना भोसरीहून खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : स्वतः बांधलेल्या ऑफ-रोड गाडीची तांत्रिक तपासणी करून घेण्याची सोय मिळण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, वेल्डिंगचा एक कोपरा आणि पाच माणसं. गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांची जॉबवर्कची कामं आम्ही करतो. आमच्याकडून साधा एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बाहेर पडला तरी त्याच्यासोबत तपासणीचा कागद जातो. व्यास किती भरला, टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या आत, आहे का, मटेरियलचा दाखला कुठला. कागद नसला तर माल गेटवरूनच परत येतो. बावीस वर्षं मी या शिस्तीत काढली आणि ती मला मनापासून पटते.

याच वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये मी एक जिप्सी बांधली आहे. तिच्यावरचं एकेक काम कंपनीच्या मालाइतकंच मोजूनमापून केलंय. पण तिच्यासाठी तपासणीचा कागद मागायचा म्हटलं, तर तो देणारी खिडकी आपल्या राज्यात नाही. त्यासाठीच हे पत्र.

आधी गाडीबद्दल सांगतो. नुसतं 'मॉडिफाइड' म्हटलं की डोळ्यांसमोर कर्कश सायलेन्सर आणि निळे दिवे येतात, आणि माझी गाडी त्यातली नाही.

२००४ सालची मारुती जिप्सी किंग, १२९८ सीसी पेट्रोल. २०१७ मध्ये साताऱ्याकडच्या एका शेतकऱ्याकडून दोन लाख दहा हजारांना घेतली. फ्लोअरचा पत्रा कुजला होता, चेसी मात्र शाबूत होती. नवीन फोर बाय फोर दहा लाखांच्या कितीतरी पुढे जाते, आणि घरखर्च भागवून महिन्याला सहा-सात हजारच मला बाजूला टाकता येत होते. जिप्सी निवडली ती वजनासाठी. रिकामी गाडी जेमतेम टनभर भरते. शिडीसारखी सरळ चेसी, पुढे-मागे सलग एक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा), चारही बाजूंना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आणि चारही चाकांना जोर देणारी लो गिअरची ट्रान्स्फर केस, एवढं सगळं कारखान्यातूनच मिळतं. उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली, तरी नाना पेठेत तिचं सामान अजून मिळतं. कमी पैशात गाडी बांधणाऱ्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

पहिला खर्च केला ब्रेकवर. माझ्याकडे येणाऱ्या पोरांनाही मी हेच सांगतो, आणि त्यांना ते आवडत नाही. त्यांना आधी टायर हवे असतात. म्हणून मी त्यांच्यापुढे कागदावर हिशोब मांडतो. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे ६६८ मिमी व्यासाचा. त्या जागी ३१ इंची टायर घातला तर व्यास होतो ७८७. एक्सलखालची उंची साधारण ६० मिमीने वाढते, आणि कातळावर तेवढी फार मोठी असते. पण त्याच टायरने चाकाचा घेर अठरा टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ७० च्या पुढे पळत असते. तेवढीच गाडी थांबवायला ब्रेकला अठरा टक्के जास्त जोर लावावा लागतो, वर जड चाकाचा भार वेगळा. मूळ ब्रेक ठेवून मोठे टायर घालणारा माणूस आपली गाडी कमकुवत करतो आणि ते त्याला कळत नाही. म्हणून मी आधी मोठा बूस्टर, नवा मास्टर सिलिंडर, पुढचे नवे कॅलिपर आणि मागच्या ड्रमचं सगळं आतलं काम करून घेतलं. होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या, लांबीला वाढवून नवे घातले, कारण चाक पूर्ण खाली लोंबलं की मूळ होज ताणला जातो. टायर त्यानंतर सात महिन्यांनी आले.

मग पाटे. इथे माझी चूक झाली आणि ती लपवण्याचं कारण नाही. जिप्सीचे पाटे एक्सलच्या खालून बांधलेले असतात. ते वर घेतले की गाडी एका दिवसात पाच इंच उचलली जाते, आणि खर्च जवळजवळ फक्त वेल्डिंगचा. स्वस्तात उंची हवी असणारे सगळे हेच करतात, मीही केलं. गाडी रुबाबदार दिसायला लागली आणि चालवायला वाईट झाली. चेसी वर गेल्यामुळे स्टीअरिंगचा ड्रॅग लिंक, म्हणजे स्टीअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा दांडा, तिरका झाला आणि खड्डा आला की स्टीअरिंग आपोआप एका बाजूला ओढायला लागलं. लो गिअरमध्ये जोर लावला की एक्सल पाट्यांसकट पिळवटायचा. एक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यातला क्रॉस दर दोन महिन्यांनी जायचा. मुळशीकडच्या एका आडव्या उतारावर गाडी कलली आणि वरच्या अंगाची दोन्ही चाकं हलकी झालेली मला सीटवर बसल्या बसल्या जाणवली. त्या दिवशी घरी आलो, आणि दुसऱ्या आठवड्यात सगळं कापून पाटे परत खाली घेतले. वर्षभराची मेहनत गेली. पाटेवाल्याकडून मूळ पाट्यांची कमान वाढवून घेतली, त्यातून दोन इंच मिळाले. टायर बसायला उरलेली जागा मडगार्डचा पत्रा कापून केली. पत्रा कापायला पैसे लागत नाहीत आणि गाडीचं वजनही जमिनीजवळ राहतं.

डिफरन्शियलची गोष्ट तुम्ही नीट वाचावी अशी विनंती आहे, कारण माझं म्हणणं तिच्यातच आहे. डिफ म्हणजे वळताना एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच. साध्या डिफमध्ये एक चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरत राहतं आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. कंपनीचं लॉकिंग डिफ परवडत नाही, म्हणून गॅरेजमध्ये आतले स्पायडर गिअर वेल्ड करून टाकतात. दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरायला लागतात. हे मागच्या डिफला केलं तर डांबरी रस्त्यावर वळताना गाडी वळायला नकार देते, आतलं चाक घसटत जातं, ओल्या रस्त्यावर मागचा भाग सुटतो आणि एक दिवस एक्सल शाफ्ट तुटतो. मी पुढचं डिफ वेल्ड केलं आणि पुढच्या चाकांना हाताने सोडता येणारे फ्री-व्हील हब बसवले. रस्त्यावर हब मोकळे असतात, पुढचं डिफ फिरतच नाही, गाडी मूळ जिप्सीसारखीच वळते. चिखलात उतरलो की दोन्ही हब जोडायचे. स्टीअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला तर पुढचे जॉइंट फुटतात, तेवढं सांभाळावं लागतं. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्ही 'डिफ वेल्ड केलेल्या गाड्या' आहेत. पान्हा हातात धरलेल्या माणसाला एक जीवघेणी दिसेल आणि दुसरी निर्धोक.

रोल केजला, म्हणजे गाडी उलटली तर माणसांना वाचवणाऱ्या पाइपच्या पिंजऱ्याला, आम्ही ४५ मिमी व्यासाचा, अडीच मिमी जाडीचा सीमलेस पाइप वापरला, मोटारस्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीला जो किमान लागतो तोच. फर्निचरचा पाइप याच्या निम्म्या किमतीत मिळतो आणि रंग दिल्यावर कोणालाही फरक कळत नाही. केजचे पाय पत्र्यावर न टेकवता खाली चेसीपर्यंत नेले. सगळे जोड आमच्या वेल्डरमामांनी घातले. तीस वर्षं वेल्डिंग केलेला हा माणूस प्रत्येक सांध्याआधी त्याच पाइपचा तुकडा जोडायचा, करवतीने कापायचा, आतलं मेटल बघायचा आणि मगच गाडीला हात लावायचा. स्नॉर्केल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी), पुढच्या बंपरवर चेसीला बोल्ट केलेले ओढायचे हुक, नव्या सीट आणि चार पॉइंटचे पट्टे ही बाकीची कामं. दोन्ही एक्सलचे ब्रीदर, म्हणजे हवा जाण्या-येण्याची भोकं, साध्या रबरी नळीने वर बोनेटपर्यंत नेले. शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे, पण त्याने नदीचं पाणी डिफच्या ऑइलमध्ये जात नाही. अडकलेली गाडी ओढणारा मोटारीचा विंच परवडला नाही, हाताने ओढायचा पुलर आहे. चार वर्षांत गाडीच्या किमतीव्यतिरिक्त तीन लाख पाच हजार गेले. एकेक बिल फाइलमध्ये आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझ्या गाडीत टायर, पाटे, स्टीअरिंगचा लिंक, ब्रेक, पुढचं डिफ, केज, सीट, स्नॉर्केल आणि बंपर असे नऊ बदल आहेत. पंचेचाळीस हजार.

या कायद्यामागचा हेतू मला मान्य आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने गाड्यांच्या पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड बंद करायला सांगितलं, तेव्हा मी स्वतः दोन गिऱ्हाइकांचे काढून दिले. पादचाऱ्याला ते लोखंड कसं लागतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचा त्याने कसा गोंधळ होतो, हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. माझी तक्रार एवढीच, की ब्रेक सुधारणं आणि मागचं डिफ वेल्ड करणं या दोन्हींचा दर पाच हजारच आहे. कायदा बदल मोजतो, बदलाचा दर्जा मोजत नाही. मग माणसं काय करतात? बदल लपवतात. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या आदल्या आठवड्यात मूळ टायर चढवतात, तपासणी झाली की उतरवतात. विम्याच्या कागदावर काहीच लिहीत नाहीत आणि अपघात झाला की दाव्यावर पाणी सोडतात. मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी उभी राहते ती नेमकी जी भीती वाटायला हवी ती गोष्ट काढून ठेवून.

मीही यातून गेलोय. पहिली दोन वर्षं, पाटे वर घेतलेली असताना, ही गाडी मी रस्त्यावर चालवली. कात्रजच्या बोगद्यातून, चांदणी चौकातून, मुलीला मागे बसवून. ते चुकलं होतं. २०२१ च्या पावसाळ्यात ते मला कळलं.

त्या जुलैत आम्ही चार गाड्या घेऊन मावळात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक जमिनीवर गेलो होतो. माझ्या मित्राची जुनी महिंद्रा जीप माझ्या पुढे होती. त्याने पाटे वर घेऊन घेतले होते आणि ड्रॅग लिंकचा कोन सुधारायला एका गॅरेजने मूळ लिंक गॅसवर तापवून वाकवला आणि मधे तुकडा घालून वेल्ड केला होता. उतारावर, माणूस चालतो त्या वेगात, तो लिंक तुटला. स्टीअरिंग फिरत राहिलं आणि चाकं आपल्या वाटेने गेली. जीप ओढ्याच्या काठावरून एक पलटी खाऊन आडवी झाली. केज होता म्हणून तो वाचला. मनगट दोन ठिकाणी मोडलं आणि आजही त्याला त्या हाताने पाण्याची बादली उचलता येत नाही. संध्याकाळी तो तुटलेला लिंक मी माझ्या टेबलावर ठेवला. वेल्डची शिवण वरून इतकी सुंदर होती की कोणीही शाबासकी दिली असती. आत मेटल मेटलला लागलंच नव्हतं. अर्ध्यापेक्षा जास्त जाडी कोरी होती. तीच जीप आदल्या दिवशी तो पुणे-मुंबई जुन्या हायवेने सत्तरच्या वेगात घेऊन आला होता.

तो लिंक कोणी तपासला असता तर दहा मिनिटांत सापडला असता. पण आमचा मित्र तो तपासायला कोणाकडे नेणार होता? गाडी दाखवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. त्या दिवसापासून माझी गाडी रस्त्यावर आलेली नाही. कुठे न्यायची झाली तर टोइंगवाल्याच्या फ्लॅटबेडवर जाते आणि एका फेरीला साडेतीन हजार लागतात. त्यामुळे वर्षातून तीनदाच जाते.

तपासणी अशक्य आहे असं कोणी म्हणत असेल तर पुण्यातल्याच पोरांकडे बघावं. २००७ पासून होणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेसाठी आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं स्वतः चेसी वेल्ड करून गाड्या बांधतात. ट्रॅकवर जाण्याआधी तिथे तांत्रिक तपासणी होते. केजचा पाइप मोजतात, वेल्डचे नमुने मागतात, ब्रेक मारल्यावर चारही चाकं जाम व्हावी लागतात, पाच सेकंदांत चालकाला बाहेर पडून दाखवावं लागतं. जी गाडी नापास होते ती उतरत नाही, मुलं रात्र जागून दुरुस्त करून पुन्हा रांगेत उभी राहतात. त्यातली दोन मुलं सुट्टीत माझ्याकडे कामाला होती. वीस वर्षांच्या मुलांना जी शिस्त जमते ती आम्हालाही जमेल.

परदेशात जर्मनीत एकेका गाडीची तपासणी करून बदल नोंदणीत लिहून घेता येतो, ऑस्ट्रेलियात त्यासाठी अधिकृत अभियंत्यांची सही चालते. पण उदाहरण घरचंच आहे. २०२१ च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर मालिका, नव्या नोंदणीला वीस हजार शुल्क, आणि वापर फक्त रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरता. रोज ऑफिसला न्यायची नाही. म्हणजे मर्यादित वापराची गाडी ही कल्पना आपल्या कायद्याला परकी राहिलेली नाही. शिवाय कलम ५२ मध्येच विशिष्ट कारणासाठी सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला आहे.

कायदा केंद्राचा आहे, तो तुम्ही एकट्याने बदलू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी विनंती आहे की राज्याच्या वतीने तुम्ही ही सूट मागावी आणि प्रयोग पुण्यात करावा. वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली गाड्यांच्या चाचण्यांची संस्था आहे. रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था सीआयआरटी तर भोसरीतच, माझ्या शेडपासून काही मिनिटांवर. पण तिथल्या चाचण्या हजारो गाड्या काढणाऱ्या उत्पादकासाठी आखलेल्या आहेत, एका माणसाच्या एका गाडीसाठी तसा मार्ग नाही. तो आखता येईल. गाडी कापण्याआधी मालकाने आराखडा द्यावा. रंग देण्याआधी, वेल्ड उघडे असतानाच, एक तपासणी व्हावी, कारण रंगाखाली काहीही दडतं. शेवटी ब्रेक, स्टीअरिंग आणि कलण्याची चाचणी व्हावी. स्टीअरिंगचा कुठलाही भाग वेल्ड केलेला असला तर सरळ नापास करावा, त्यात सवलत नको. मागचं वेल्ड केलेलं डिफ रस्त्यावर नको. उंचीला मर्यादा हवी आणि ती कडक हवी. मी स्वतः पाच इंचांवर जाऊन आलोय. पास झालेल्या गाडीच्या नोंदणीपत्रावर प्रत्येक बदल लिहावा, वेगाला मर्यादा घालावी, वापर कार्यक्रमाच्या ठिकाणी जाण्या-येण्यापुरता ठेवावा, आणि विमा कंपनीला तोच कागद जावा. शुल्क व्हिंटेज गाड्यांइतकं ठेवलं तरी मी भरीन. सहा फेऱ्यांचं टोइंग त्याहून महाग पडतं.

एक गोष्ट मी मागत नाही. टेकड्या, वनजमिनी आणि गवताळ माळ आमच्यासाठी उघडा असं माझं मागणं नाही. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या बाहेरच्या माळावरही चिंकारा असतात, आणि पावसाळ्यात एकदा चाकोरी पडली की तिथून मातीच वाहून जाते. तिथे गाडी घालणाऱ्यावर जरूर कारवाई करा. गाडीला नंबरासोबत वेगळी मालिका मिळाली तर गावकऱ्यांना ओळखायलाही सोपं जाईल.

माझ्याकडे चेसीचं आणि केजचं ड्रॉइंग आहे, पाइपच्या मटेरियलचा दाखला आहे, वेल्डरमामांनी कापलेले सतरा नमुने क्रमांक घालून डब्यात ठेवले आहेत, आणि त्या तुटलेल्या ड्रॅग लिंकचे दोन्ही तुकडेही आहेत. आपल्या कार्यालयाने कोणत्याही निरीक्षकाला पाठवावं, किंवा मला दिवस आणि जागा कळवावी. गाडी फ्लॅटबेडवर घालून आणतो. केजवरचा रंग खरवडून ठेवायला एक दिवस लागेल, तेवढा आधी निरोप मिळावा.

कळावे,
आपला नम्र,
भोसरी एमआयडीसीतील एक वर्कशॉपवाला
पुणे